उदबत्तीचे आत्मवृत्त आणि 'बेगम बर्वे'



आपल्या मराठी शाळांमध्ये 'आत्मवृत्त' हा निबंधप्रकार फार आवडीचा. फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, जुन्या छत्रीचे आत्मवृत्त, वठलेल्या झाडाचे आत्मवृत्त. वस्तू बोलायला लागते, आपला जन्म सांगते, चांगले दिवस सांगते, मग वाईट दिवस सांगते आणि शेवटच्या परिच्छेदात मुलांना बोध देऊन गप्प बसते. या यादीत उदबत्तीचा नंबर बराच वरचा आहे. 'मी स्वतः जळते पण दुसऱ्यांना सुगंध देते' हे वाक्य चौथीतल्या मुलापासून निरोप समारंभातल्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना पाठ असते. आई म्हणजे उदबत्ती, सैनिक म्हणजे उदबत्ती. शिक्षकदिनाला तर आम्ही शिक्षकसुद्धा उदबत्तीच असतो, नाहीतर मेणबत्ती!

आज मला तुमच्याशी याच उदबत्तीबद्दल बोलायचे आहे, पण एका नाटकाच्या निमित्ताने. नाटक आहे सतीश आळेकर यांचे 'बेगम बर्वे'. बाहेरून एम.ए. मराठी करताना मी हे नाटक पहिल्यांदा वाचले. परीक्षेपुरते वाचायचे म्हणून हातात घेतले आणि ते डोक्यातून गेलेच नाही. का गेले नाही, ते पुढे सांगते.

आधी नाटकाची ओळख

'बेगम बर्वे' १९७९ साली पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने रंगमंचावर आणले. आळेकरांचे 'महानिर्वाण' त्याआधी १९७४ मध्ये आले होते. आळेकर स्वतः जीवरसायनशास्त्राचे माणूस, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात काम केलेले. नाटकाचा लेखक मराठीचा प्राध्यापकच असला पाहिजे असे काही नाही, हे मुलांना सांगायला मला फार आवडते.

या नाटकात पात्रे चारच, आणि चौघेही पुरुष. बर्वे हा एकेकाळी संगीत नाटक कंपनीत बायकांच्या किरकोळ भूमिका करणारा नट. मोठी भूमिका त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही. आता कंपन्या बंद पडल्या, तो काळ गेला. बर्वे उदबत्त्या विकून पोट भरतो. त्याच्यावर हुकूम चालवणारा, त्याच्या जिवावर जगणारा श्यामराव त्याच्या मानगुटीवर बसलेला आहे. दुसऱ्या बाजूला जावडेकर आणि बावडेकर हे दोन अविवाहित कारकून. त्यांच्या ऑफिसातल्या नलावडेबाईंभोवती त्यांची स्वप्ने फिरत असतात.

मग नाटकात एक गंमत होते. बर्व्याचे स्वप्न आणि कारकुनांचे स्वप्न एकमेकांत मिसळते. बर्वेच नलावडेबाई होऊन त्यांच्या जगात येतो. जावडेकरांशी लग्न लागते, दिवस जातात, डोहाळे लागतात, आणि जुनी नाट्यपदे मधूनमधून येत राहतात. आपण हसत असतो, पण घशात काहीतरी अडकलेले असते. शेवटी श्यामराव येतो आणि सगळे स्वप्न उधळून लावतो. बर्वे परत होता तिथेच.

आता नाव बघा. 'बेगम' ही मुसलमानी दरबारातली पदवी आणि 'बर्वे' हे कोकणस्थी आडनाव. एका नावातच दोन न जुळणारी जगे शेजारी बसवली आहेत. गंमत म्हणजे आपला 'उदबत्ती' हा शब्दही असाच जोडून झालेला आहे. 'ऊद' म्हणजे अगरूचे सुवासिक लाकूड, हा शब्द अरबीतून आला. पण देवघरातल्या उदबत्तीला कोणी परकी म्हणत नाही.

असंगत नाटक आणि रोजच्या वस्तू

अशा नाटकांना मराठीत 'असंगत नाट्य' म्हणतात. ॲब्सर्ड हा शब्दही आता रुळला आहे. मार्टिन एस्लिन या समीक्षकाने १९६१ मध्ये 'द थिएटर ऑफ द ॲब्सर्ड' हे पुस्तक लिहिले आणि हे नाव पक्के झाले. या नाटकांत नेहमीसारखी सुरुवात, गुंतागुंत, उकल नसते. माणसे वाट बघतात, तेच तेच बोलतात, आणि जगण्याचा अर्थ काही सापडत नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. या नाटकांत मोठे विचार असले तरी रंगमंचावरच्या वस्तू अगदी साध्या असतात. बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'मध्ये पायातून न निघणारा बूट आहे, टोप्या आहेत, खायला गाजर आहे. आयोनेस्कोच्या 'द चेअर्स' या १९५२ च्या नाटकात म्हातारा-म्हातारी न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी खुर्च्या आणून आणून मांडतात, इतक्या की रंगमंच खुर्च्यांनी भरून जातो. बेकेटच्याच 'हॅपी डेज'मध्ये कमरेपर्यंत मातीत गाडलेली बाई रोज पिशवीतून दात घासायचा ब्रश काढते.

आता आपल्या शाळकरी निबंधातली वस्तू आणि या नाटकांतली वस्तू यांत फरक काय? निबंधात वस्तूचा अर्थ आधी ठरलेला असतो. कबुतर म्हणजे शांती, दिवा म्हणजे ज्ञान, उदबत्ती म्हणजे त्याग. असंगत नाटकात वस्तूवर असे लेबल लावलेले नसते. बूट हा बूटच असतो, तो चावतो, पाय दुखतो. आपण बघत राहतो आणि हळूहळू आपल्याला त्या बुटात आपले काहीतरी दिसू लागते.

मग बर्व्याची उदबत्ती काय सांगते?

मला जे दिसले ते सांगते. तुम्हाला वेगळे दिसेल, तेही बरोबर असेल.

१) नाटकाचा उरलेला वास : मराठी नाटकाला तुम्ही जाता तेव्हा पडदा उघडायच्या आधी काय जाणवते? धूप-उदबत्तीचा वास. आत नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, तिसरी घंटा होते. संगीत नाटकाच्या काळात तर सुगंधाची चैन होती. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीच्या (स्थापना १९१३) प्रयोगांना अत्तराचा घमघमाट असायचा, असे जुने लोक सांगत आले. तो अत्तराचा काळ संपला. बर्व्याच्या वाट्याला त्या सगळ्या वैभवातून शेवटी काय आले? उदबत्तीचा पुडा, आणि तोही विकायला.

२) ज्योत विझल्यावरचे जळणे : उदबत्ती कशी लावतो आपण? काडी ओढून टोक पेटवतो आणि मग ती ज्योत हाताने वारा घालून विझवतो. ज्योत विझली की मगच वास सुटतो. दिव्याचे तसे नाही. दिवा ज्योतीने जळतो आणि सगळ्यांना दिसतो. उदबत्ती आतल्या आत धुमसते. बर्वे कधी मुख्य नायिका झाला नाही, त्याची ज्योत पेटता पेटताच विझवली गेली. तरी तो धुमसतोच आहे. त्याची स्वप्ने म्हणजे तो धूर.

३) लग्नाला तीच आणि मर्तिकालाही तीच : सत्यनारायणाला जो पुडा फोडतो त्याच पुड्यातली उदबत्ती मृताच्या उशाशी लावतात. उदबत्तीला काही फरक पडत नाही. या नाटकातही लग्न, डोहाळे सगळे मंगल चालू असते, पण त्याला मरणाचा वास येत राहतो. ते मूल जन्माला येणारच नाही, हे प्रेक्षकाला माहीत असते.

४) विकणारा आणि लावणारा : हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बर्वे उदबत्ती लावत नाही, विकतो. देवघर दुसऱ्याचे, सण दुसऱ्याचा, सुगंध दुसऱ्याचा. आणि विकून आलेल्या पैशावर हात कोणाचा, तर श्यामरावाचा. आपल्या निबंधातल्या 'स्वतः जळून दुसऱ्याला सुगंध देणे' या वाक्यात श्यामराव कुठेच नसतो. आळेकरांनी तो आणून उभा केला.

आता थोडे माझ्या घरातले

मी भाईंदर पूर्वेला चाळीत वाढले. बाहेरच्या लोकांना भाईंदर म्हणजे मिठागरे, खाडीवरचा रेल्वेपूल आणि स्टीलच्या भांड्यांचे कारखाने एवढेच ठाऊक. पण या शहराचा एक कारखाना घराघरात चालतो, तो कुठल्याच पाटीवर दिसत नाही. कोणाकडे नकली दागिन्यांना खडे चिकटवायचे काम, कोणाकडे पेनांची टोपणे बसवायचे. आमच्याकडे उदबत्तीच्या पॅकिंगचे होते. शेठचा माणूस पोत्यातून काड्या आणून टाकायचा, आई मोजून पुड्यात भरायची, तोंड बंद करायची आणि डझनाच्या हिशोबाने पैसे मिळायचे.

उदबत्ती म्हणजे काय तर बांबूची काडी, तिच्यावर कोळशाची पूड, लाकडाची भुकटी आणि चिकटपणासाठी झाडाच्या सालीची जिगट. ही झाली कच्ची काडी. ती मग सुगंधी द्रव्यात बुडवून वाळवतात. आमच्या घरी यायची ती वास लावलेली. दहा बाय दहाच्या खोलीत मोगरा, चंदन, गुलाब सगळे एकत्र. पावसाळ्यात खिडकी बंद ठेवायची, कारण माल सर्दावला तर पैसे कापायचे. बोटांना काळी पूड, उशीला वास, भाताला वास. आई म्हणायची, "सुगंध गिऱ्हाइकाला आणि खोकला आपल्याला."

त्याच पैशातून माझी डी.एड.ची फी भरली गेली. म्हणून मी ते काम वाईट होते असे म्हणणार नाही. पण आई आजही देवापुढे फक्त तेलाचा दिवा लावते. उदबत्ती लावत नाही. कोणी विचारले तर म्हणते, "देवाला पण जरा मोकळी हवा मिळू दे."

'बेगम बर्वे' वाचून झाल्यावर मी आईला गोष्ट सांगितली. तिने भाजी निवडता निवडता सगळी ऐकली. नाटक कंपनी, स्वप्न, लग्न, डोहाळे. मला वाटले ती म्हणेल, काय हे वेड्यासारखे नाटक. तिने एकच प्रश्न विचारला, "मग त्या बर्व्याला पुड्यामागे किती सुटायचे?"

वाचकहो, इतकी समीक्षा वाचून जे मला नीट पकडता आले नव्हते ते या प्रश्नाने पकडून दिले. प्रतीक वगैरे नंतर. आधी ती वस्तू कोणाच्या तरी पोटाची गोष्ट असते. बर्व्याची उदबत्ती इतकी खोल लागते, कारण ती आधी खरोखरची विकायची उदबत्ती आहे.

वर्गात काय झाले

मी चौथीला शिकवते. आमच्या शाळेतली बहुतेक मुले आजही अशाच घरांतून येतात. मागच्या एका वर्षी मी मुलांना नेहमीसारखेच आत्मवृत्त लिहायला दिले, पण एक सूचना बदलली. म्हटले, शेवटी बोध लिहिलाच पाहिजे असे नाही. आणि वस्तू तुमच्या घरात रोज दिसणारी हवी. लिहिण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे शोधून या. ही वस्तू कोण बनवते? ती कोण वापरते? वापरून झाल्यावर काय उरते?

दुसऱ्या दिवशी कोणी गॅसच्या लायटरवर लिहून आणले, कोणी रिक्षाच्या मीटरवर. एका मुलीने उदबत्तीवर लिहिले होते. तिचे नाव मी इथे सांगत नाही, आणि ओळख पटेल असेही काही सांगत नाही. तिच्या आईच्या परवानगीने तिचे लिखाण तेवढे देते :

"मी उदबत्ती आहे. माझी आई मला पुड्यात भरते. एका पुड्यात आम्ही बारा जणी. एक जास्त गेली तर शेठ ओरडतात. एक कमी गेली तर गिऱ्हाईक ओरडते. मला जळायला आवडते का ते मला कोणी विचारले नाही. मी जळून गेले की आईला परत काम मिळते. म्हणून मी लवकर जळते."

शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचा. म्हणून मी लवकर जळते. त्यागाचे सगळे धडे या मुलीला पाठ आहेत, पण तिने त्यागाचा हिशोब मांडला आहे. उदबत्ती जगाला सुगंध मिळावा म्हणून जळत नाही, आईला पुढची ऑर्डर मिळावी म्हणून जळते. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने 'बेगम बर्वे' वाचलेले नाही, पण ती त्याच्या अगदी शेजारी जाऊन बसली.

माझ्या एका सहकारी बाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, "छान आहे, पण शेवटी एखादे चांगले वाक्य घालायला सांगा ना. स्पर्धेला पाठवता येईल." त्यांचा हेतू चांगला होता. मी म्हटले, असू दे बाई, चांगलेच वाक्य आहे ते.

आम्ही ठरवले की पालकसभेत मुलांचे निवडक लिखाण वाचून दाखवायचे. हे त्यात पहिले होते. सभेच्या आदल्या दिवशी तिची आई शाळेच्या गेटपाशी थांबली होती. मुलांची गर्दी ओसरू दिली आणि मग म्हणाली, "बाई, तिने लिहिले ते खरे आहे. पण तेवढे मोठ्याने वाचू नका. आमच्या शेजारचे पण सभेला येतात. शेठच्या कानावर गेले तर माल दुसरीकडे जाईल. तुम्ही मार्क द्या, वाचू नका."

मी ते वाचले नाही. तिच्या जागी लायटरचे आत्मवृत्त वाचले. सगळे हसले, टाळ्या पडल्या. ती मुलगी आईच्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होती.

त्या दिवशी मला श्यामराव खऱ्या अर्थाने कळला. तो दर वेळी दार तोडून आत येत नाही. त्याचे नाव नुसते कानावर आले तरी माणसे आपले स्वप्न घडी घालून ठेवतात. बर्व्याच्या बाबतीत तो येऊन स्वप्न उधळतो. इथे त्याला यावेसुद्धा लागले नाही. पुढे वर्ष उलटले, ते घर ते काम सोडून दुसऱ्या कामाला लागले, तेव्हा तिच्या आईने स्वतःहून मला सांगितले, "आता छापले तरी चालेल, फक्त नाव नको." म्हणून हे आज तुमच्यासमोर आले.

शिक्षक म्हणून मला काय वाटते

'मोठेपणी कोण होणार?' हा प्रश्न आपण वर्गात अगदी सहज विचारतो. 'मी पंतप्रधान झालो तर', 'मी पक्षी झालो तर' असे कल्पनाप्रधान निबंध लिहून घेतो. बर्व्याचे सगळे नाटक हा असाच एक निबंध आहे, 'मी नायिका झालो तर'. फरक एवढाच की तो निबंधात शिरला आणि बाहेर यायची वाट त्याला सापडली नाही. म्हणून मुलांना स्वप्न देऊ नये का? द्यावेच. पण स्वप्नाबरोबर पुड्याचा हिशोबही शिकवावा. कोण बनवते, कोण विकते, मधले पैसे कुठे जातात, हे ज्याला बघता येते त्याला श्यामराव लवकर ओळखू येतो.

आणि दुसरे असे की 'स्वतः जळून सुगंध द्या' हा बोध मुलांच्या, विशेषतः मुलींच्या माथी मारण्याआधी आपण जरा थांबावे. ज्या घरात आई आधीच धुरात बसलेली आहे, त्या घरच्या मुलीला जळण्याचे कौतुक आपण काय सांगायचे? तिला खिडकी कशी उघडायची ते सांगू.

तुमच्या वर्गात करून बघायचे असेल तर सोपे आहे. मुलांना घरातली एक वस्तू निवडू द्या. वरचे तीन प्रश्न द्या. बोधाची सक्ती काढून टाका. लिहिताना 'सारखी' आणि 'जणू' हे शब्द टाळायला सांगा, म्हणजे मुले वस्तूकडे नीट बघतात. आणि वाचून दाखवण्यापूर्वी मुलाला आणि घरच्यांना एकदा विचारून घ्या. मोठ्या वर्गांना शिकवत असाल तर 'बेगम बर्वे'ची गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा आणि मुलांना विचारा, बर्वे उदबत्तीऐवजी फुगे विकत असता तर नाटक बदलले असते का? यावर छान वाद रंगतो.

आपल्या मीरा रोडला आता लता मंगेशकर यांच्या नावाचे नाट्यगृह झाले आहे. पूर्वी नाटक बघायचे तर बोरिवली नाहीतर थेट दादर-पार्ले गाठावे लागायचे. कधीतरी तिथे 'बेगम बर्वे' लागेल अशी मी वाट बघते आहे. लागले की आईला घेऊन जाणार. तिला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळते का, ते बघायचे आहे.